फाटकाबाहेरून पाहिलेलं दालात

माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे वाचायला कोणी नाही, मी कोणाला दाखवणारही नाही. तरी माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. आमच्या घरात ही सवय सगळ्यांच्या सोयीची आहे.

आम्ही दोह्यात अल मन्सूराला राहतो. फ्लॅट एक आणि घरं दोन. एका खोलीत मी आणि माझा नवरा, दोन खोल्यांत थोरले दीर, थोरली जाऊ आणि त्यांची चार वर्षांची जुळी मुलं. हॉल आणि स्वयंपाकघर दोघांत एक. माझा नवरा इथल्या हमद नावाच्या बंदरावर क्रेन चालवतो. दीर मेसईदला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. नवऱ्याला कतारला त्यांनीच आणलं, त्यामुळे त्यांच्यापुढे आमच्या घरात कोणी वर तोंड करून बोलत नाही. जावेला मी भाभी म्हणते. ती बारावी झालेली आहे. रत्नागिरीहून लग्न होऊन आले त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "सही तरी करतेस ना गो?" मी मान हलवली. तेव्हापासून बोलायचं काम तिचं आणि मान हलवायचं माझं.

भाभी भिशी चालवते. आमच्याच इमारतीतल्या आणि आजूबाजूच्या रत्नागिरी-रायगडच्या बायका महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये जमतात, पैसे भाभीकडे देतात, चिठ्ठी निघते आणि जिचं नाव येईल तिला सगळी रक्कम मिळते. कागदावर काही नसतं. एकच नियम आहे, तो गावाहून आलेला आहे. जी भिशी ठेवते तिने दुसरीच्या नंबराच्या पैशाला हात लावायचा नाही, उसने म्हणूनसुद्धा नाही. त्या एका नियमावर बायका परक्या देशात हजारो रियाल दुसरीच्या कपाटात ठेवतात.

बकरी ईदच्या आधी माझा नंबर लागला. ते पैसे आईसाठी होते. थंडीत तिला दोन महिने इकडे आणायची, व्हिसा, तिकीट, येता-जाता सोबतीचा खर्च, असं मी दोन वर्षं मनात मांडून ठेवलं होतं. आई कधी विमानात बसली नाही. फोनवर ती म्हणाली होती, "यंदाच्या थंडीत ने मला. पुढच्या थंडीला गुडघे कुठे असतील सांगता येत नाही."

त्याच आठवड्यात भाभीने मोबाईलवर दालात पाहिलं. व्हिएतनाममध्ये डोंगरावरचं शहर आहे. तळं, पाईनची झाडं, धुकं, फुलं. दोह्यात तेव्हा बाहेर पाऊल टाकलं की चपलेचा तळ मऊ होत होता. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझी भिशी मला दे. सप्टेंबरात परत करते. थंडीला अजून वेळ आहे."

मी भांडं घासत राहिले.

"आणि तू पण चल. तुझं तिकीट माझ्याकडून. धाकटी जाऊ आहेस, जीवाची मजा कर जरा."

मला नियम आठवला. तोंडातून निघाला नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "भाईच्या घरात नियम काढतेस?" त्याला सुट्टी नव्हती, तो येणार नव्हता. मी पैसे दिले.

सायगॉनला उतरून पुन्हा एका लहान विमानाने वर गेलो. विमानतळाबाहेर थंड हवा लागली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. ते बरं वाटणं हॉटेलच्या खोलीपर्यंत टिकलं. तिथे भाभीने बॅग उघडून राईस कुकर बाहेर काढला. डाळ, तांदूळ, कोळंबीचे सुके सोडे, मसाला, सगळं बांधून आणलं होतं.

"इथलं काय हलाल, काय हराम, कोण बघणार? तू सकाळी खिचडी लाव, दुपारची सोय होईल."

तेव्हा मला माझ्या तिकिटाचा अर्थ कळला.

पहिल्या दिवशी तळ्यावर गेलो. गावाच्या मधोमध मोठं तळं आहे, कडेने लोक चालतात, घोडागाड्या फिरतात. हंसाच्या आकाराच्या होड्या पायाने मारायच्या. होडीत चौघं बसतात, चौघं बसली. मी काठावर पिशव्या घेऊन बसले. भाभीने तळ्याच्या मध्यातून हात केला, तो मला नव्हता, फोटो काढायला होता.

मग धबधबा. तिथे खाली जायला रुळांवरून घसरत जाणाऱ्या लहान गाड्या आहेत, झाडांतून वळणं घेत जातात. जुळी उंचीत बसली नाहीत. "तू यांना घेऊन बस, आम्ही गेलो आणि आलो," दीर म्हणाले. गेले आणि दीड तासाने आले. दोन्ही पोरं माझ्या मांडीवर आळीपाळीने रडली. धबधबा मी ऐकला. दुसऱ्या दिवशी फुलांच्या बागेत तिकीट होतं. भाभी म्हणाली, "फुलं बघायला पैसे कशाला घालायचे? तुझ्या गावाला काय फुलं कमी आहेत?" स्वतःचं तिकीट तिने काढलं. फाटकाच्या गजांतून निळ्या-जांभळ्या फुलांचे मोठे मोठे गेंद दिसत होते. आमच्याकडे तसली फुलं होत नाहीत. हे मी तिला सांगितलं नाही.

एक घर आहे तिथे, झाडाच्या बुंध्यासारखं बांधलेलं, जिने मुळांसारखे वेडेवाकडे, लोक तिकीट काढून आत चढतात. तिथे मला साडीचं कारण मिळालं. साडीत पाय अडकेल म्हणे. मी त्या दिवशी सलवार-कमीज घातला होता.

पण सगळ्यात जास्त राग मला काचेच्या देवळाचा आहे. देवळाचा नव्हे, त्याच्या दाराचा. जुन्या स्टेशनवरून एक लाकडी डब्यांची गाडी शेतांतून तिथपर्यंत जाते. देऊळ फुटक्या बाटल्यांच्या आणि कपबश्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. तिकीट नाही, फुकट आहे. मला वाटलं आता काय कारण काढेल. भाभीने चप्पल काढून माझ्या हातात दिली.

"आपल्याला दुसऱ्यांच्या देवळात जायचं नसतं."

"मग तुम्ही?"

एवढं मी बोलले. सहा दिवसांत तेवढंच.

"मी फोटो काढायला चाललेय," ती म्हणाली. "पाया पडायला नाही."

मी चपलांच्या चार जोड्या घेऊन भिंतीशी उभी राहिले. अंगणात बाटल्यांच्या तुकड्यांचा एक लांबलचक अजगरासारखा प्राणी केलेला आहे, त्याच्या पाठीचा एक तुकडा भिंतीवरून दिसत होता. ऊन पडलं की तो चमकायचा आणि ढग आला की विझायचा. तेवढं मी पाहिलं.

शेवटच्या दिवशी हवेतल्या पाळण्यांतून दरीवरून पलीकडच्या टेकडीवर जायचं होतं. "तुला चक्कर येईल," भाभीने परस्पर ठरवलं. मला कधी चक्कर येत नाही. लहानपणी मी रातांब्याच्या शेंड्यावर चढून कोकम काढलेलं आहे. मी फाटकाजवळच्या बाकावर पाच पिशव्या, एक कुकर आणि एक छत्री घेऊन बसले. पाऊस लागला. शेजारी एक म्हातारी कोळशावर रताळी भाजत होती. तिने माझ्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि हसली. मला तिचाही राग आला. मग तिने एक रताळं कागदात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. पैसे घेतले नाहीत, माझ्याकडे नव्हतेच. मी ते खाल्लं. भाजलेलं, आतून मधासारखं होतं. राग गेला नाही, पण पोट भरलं.

परत आलो. सप्टेंबर आला. मी पैसे मागितले नाहीत, आमच्यात धाकटीने थोरलीकडे मागायचं नसतं. ऑक्टोबर लागला तेव्हा आईचा फोन आला, तिकिटाचं काय झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन पहिल्यांदा विचारलं.

भाभी कांदा चिरत होती. थांबली नाही.

"कसले पैसे? तू फिरलीस ना आमच्याबरोबर? विमान, हॉटेल, सगळं सगळं बघितलंस. हिशोब खलास."

"तिकीट तुमच्याकडून म्हणालात."

"बोलायला शिकली की गो ही," ती कांद्याला म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी भिशी होती. हॉल भरलेला. भाभीने टीव्हीला मोबाईल जोडला आणि दालातचे फोटो लावले. हे तळं, हा धबधबा, हा पाळणा. बायका वा वा करत होत्या. मी चहाचा ट्रे फिरवत होते. त्यांच्यात रायगडची एक वयस्कर बाई आहे, नवऱ्याचं किराणा दुकान आहे, तिला सगळ्या खाला म्हणतात. ती मोजून-मापून बोलते आणि तिचा मोठेपणा भाभीला खुपतो.

"हीपण गेली होती ना?" खाला म्हणाली. "हिचा एकही फोटो नाही तो?"

"लाजते ती," भाभी म्हणाली.

"तू सांग गो. तुला काय आवडलं?"

ट्रे माझ्या हातात होता. मी खाली बघूनच बोलले.

"बाकडं."

बायका हसल्या. "कसलं बाकडं?"

"धबधब्याजवळ एक आहे, लोखंडी. पाळण्याजवळचं लाकडी आहे, पावसात भिजतं. फुलांच्या बागेला बाकडं नाही, तिथे उभं राहावं लागतं. देवळाजवळ भिंत आहे, टेकता येतं."

पुन्हा हसल्या, पण थोड्याच जणी.

"आत नाही गेलीस?" खालाने विचारलं.

"आत काय आहे ते भाभींना माहीत. मला फाटकं माहीत आहेत."

भाभीचा आवाज चढला. "एवढं नेलं, फिरवलं, तरी तोंड वाकडंच. कोणी नेलं असतं हिला?"

"खर्च कोणी केला?" खाला म्हणाली. आवाज अगदी साधा, साखर किती विचारावी तसा.

"तिचेच तर पैसे होते. तिची भिशी होती ना, त्यातूनच—"

तिथे ती थांबली. स्वतःच बोलली आणि स्वतःच थांबली. टीव्हीवर ती हंसाच्या होडीत बसून हसत होती. कोणीतरी बशीवर कप ठेवला तो ऐकू आला. मी ट्रे खाली ठेवला.

खालाने आपल्या वाट्याचे पैसे पर्समधून काढले होते, ते परत आत घातले. चेन ओढली. तिच्या शेजारच्या बाईनेही तेच केलं.

"हिचे पैसे फिटेपर्यंत भिशी माझ्या घरी," खाला म्हणाली. "यल्ला, चला, चहा गार होतोय."

त्या रात्री नवरा माझ्यावर चिडला. बायकांत बसून घराची लाज काढलीस म्हणाला. दीर माझ्याशी बोलायचे बंद झाले, तसे ते आधीही फार बोलत नव्हते. भाभीने फ्रिजमधला एक कप्पा माझा म्हणून वेगळा केला आणि त्यात काही ठेवायला जागा ठेवली नाही. जुळ्यांना माझ्या खोलीत येऊ देत नव्हती. पोरं दाराबाहेर उभी राहून इंग्रजीत काहीतरी विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि भाभी आतून हाक मारायची. मला त्या पोरांचं वाईट वाटलं. तिचं नाही वाटलं, आजही वाटत नाही.

पण भिशीशिवाय तिला राहवत नव्हतं. त्या हॉलमध्ये शुक्रवारी तिला मान मिळायचा, दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. नोव्हेंबर सरताना तिने मला पहिला हप्ता दिला, फ्रिजवर ठेवला, हातात नाही. डिसेंबरात दुसरा. "विमान तुझंच होतं, ते कापते," असं तिसऱ्या हप्त्याआधी म्हणून पाहिलं. मी म्हणाले, "खालाला विचारते." नाही कापलं.

जानेवारीत आई फोनवर म्हणाली, थंडी संपत आली गो. मी म्हणाले, चार दिवस थांब.

शेवटचा हप्ता भाभीने ओट्यावर ठेवला. दीरही दारात उभे होते. आमच्यात घरच्या माणसाने दिलेले पैसे समोर मोजत नाहीत. असू दे म्हणायचं आणि पदराखाली घालायचं. समोर मोजणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं.

"मोजून घे," भाभी म्हणाली. "नाहीतर पुन्हा बायकांना सांगत फिरशील."

तिला वाटलं मी लाजून असू दे म्हणेन.

मी हात पुसले आणि एकेक नोट ओट्यावर ठेवत मोजले. दीर दारातून निघून गेले. भाभी उभी राहिली, तिला राहावंच लागलं. पैसे पूर्ण होते.