जावई बसले काउंटरवर

माझ्या सासुरवाडीत जावयाला 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. चार पिढ्या नव्हती. सिंहाचा पाय मोडला तो या पद्धतीमुळे, माझ्यामुळे नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो.

आता सिंह कुठला, ते सांगतो. मी मूळचा नाशिकचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो, हिनकलला फ्लॅट घेतला आणि इथल्याच रोहिणीशी लग्न केलं. तिचे पूर्वज कोणे एके काळी महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते. आता घोडे गेले, मराठी तेवढी राहिली, आणि तीही अर्धी कानडीत विरघळली. नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सासूबाईही मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, त्यांना लग्नात माहेरहून मिळालेले. लग्न झाल्यापासून एकही प्रतिपदा त्यांनी चुकवलेली नाही. रोहिणी चार दिवसांची होती तेव्हासुद्धा त्यांनी बाजेवरून सूचना देऊन मांडामांड करून घेतली होती. या मांडणीसाठी घरात नऊ पायऱ्यांचा एक जुना लोखंडी स्टँड आहे आणि त्याला खाली सिंहाच्या पंजासारखे चार पाय आहेत. म्हणजे होते.

घटस्थापनेला पाच दिवस उरले होते. स्टँड माळ्यावरून खाली काढायचा होता. त्याला दरवर्षी चार माणसं लागतात.

"मी एकटा काढतो," मी म्हणालो.

सासूबाईंनी वर माळ्याकडे पाहिलं. "एकटेच, जावईबापू?"

"त्यात काय एवढं?"

"हौदु हौदु. तुम्ही इंजिनियर, अल्वा," त्या म्हणाल्या, म्हणजे 'हो हो, तुम्ही इंजिनियर ना'. सासऱ्यांनी वर्तमानपत्र न मिटता आपली खुर्ची चार फूट मागे घेतली. (मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. पण या घरात इंजिनियर म्हणजे इंजिनियर. मिक्सर बंद पडला तरी मला फोन येतो, आणि मी जातो, हा माझा खरा दोष.)

स्टँड माझ्या अंदाजापेक्षा लवकर खाली आला. एक पंजा घोट्यातून मोडून थेट तुळशीपाशी जाऊन थांबला.

"अय्यो! तुमचा पाय नाही मोडला, अल्वा?" सासूबाई धावत आल्या. "मग परवागिल्ला, काही हरकत नाही. कॉफी घ्या." त्या हसत होत्या, पण मोडका पंजा उचलून त्यांनी तो पदराने पुसला. ते पाहून मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काहीतरी जाहीर करतो. "पाय मीच जोडून देतो," मी जाहीर केलं, "माझ्याकडे वेल्डिंगचं मशीन आहे."

मशीन खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ पाहून मागवलेलं. त्यावर मी आजवर एक चपलांचा स्टँड केला होता, तो भिंतीला टेकून उभा आहे.

"तू कोड लिहितोस," रोहिणी मला बाजूला घेऊन म्हणाली. "कोडच लिही ना."

पण शब्द गेला होता. फक्त जोडाला वितळवायचे रॉड संपले होते.

सासुरवाडीपासून जवळच, लष्कर मोहल्ल्यात, वेल्डिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. काउंटरवर चंद्रण्णा बसले होते. पन्नाशीचे, कपाळाला गंध, आवाज मधाळ. दुकान त्यांच्या मेहुण्याचं. स्वतः त्यांनी सत्तावीस वर्षं साड्यांच्या दुकानात काढली होती आणि आता महिनाभरापासून ते इथे होते. हे मला नंतर कळलं. कळायला हवं होतं तेव्हाच, कारण मी रॉड मागताच ते म्हणाले, "बसा सर. कार्यक्रम कधीचा आहे?"

(आमचं बोलणं कानडीत झालं. माझी कानडी मोबाइलवर शिकलेली आहे, त्यामुळे मी भाजीवाल्याशीही बातम्या वाचल्यासारखा बोलतो.)

"पाच दिवसांनी," मी म्हणालो. "लोखंडाचा पाय जोडायचाय. कोणता रॉड चालेल?"

चंद्रण्णांनी एकामागून एक चार डबे उघडून रॉड काउंटरवर पसरले. एक उचलून मनगटावर आडवा धरून मला दाखवला. "हा बघा. खूप जातो हा. या महिन्यात सगळे हाच नेतायत."

"आणि हा दुसरा?"

"हाही छान. रंग जरा गडद आहे."

"पण फरक काय दोघांत?"

"एल्ला ओंदे, सर," ते प्रेमाने म्हणाले. सगळं एकच. "तुमच्या मनाला जो पटेल तो."

माझ्या मनाला फिकट पटला.

दुसऱ्या दिवशी सासुरवाडीच्या अंगणात मी मशीन लावलं. सासूबाईंनी शेजारणींना बोलावलं होतं. जावई काम करताना बघायला आलेल्या पाच बायका, कॉफीचे पेले आणि पदराआडून ठिणग्या बघण्याची हौस. मी काच डोळ्यांवर घेतली, ठिणग्या उडवल्या, पंजा चिकटवला. टाळ्या पडल्या. मी रुमालाने कपाळ पुसलं. तेवढ्यात जोड थंड होता होता 'टिक्' असा आवाज आला आणि पंजा पुन्हा तुळशीकडे गेला.

"छान चिकटला होता हं स्वल्प वेळ," सासूबाई म्हणाल्या.

मी तडक चंद्रण्णांकडे गेलो. त्यांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. "म्हणजे टिकला नाही," ते म्हणाले. "मग तुम्ही स्टेनलेसचा न्या. चमक बघा याची. धुतला तरी जाणार नाही."

"अहो, पण माझ्या लोखंडाला चालेल का?"

"कसलं लोखंड आहे तुमचं?"

"लोखंड," मी म्हणालो.

"लोखंडात पण प्रकार असतात?" त्यांनी कुतूहलाने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी नुसता तुच्छतेने हसलो आणि चमकणारे रॉड घेऊन निघालो. त्यांनी ते कागदात असे सुबक बांधून दिले की वर नारळ ठेवून ओटी भरता आली असती.

तिसऱ्या दिवशी शेजारणी सात होत्या. या वेळी 'टिक्' दोनदा झालं. पहिल्यांदा पंजा सुटला. दुसऱ्यांदा पंजाचं एक बोट सुटलं, ते कुठे उडालं ते आजतागायत सापडलेलं नाही. शेजारणी कॉफी पिऊन गेल्या. सासूबाईंनी आत जाऊन राजा-राणीची पेटी उघडली, दोघांकडे पाहिलं आणि पेटी परत लावली. "खाली जमिनीवरच बसवू यंदा," त्या सासऱ्यांना हळूच म्हणत होत्या. "जावईबापूंना सांगू नका. मनाला लावून घेतील."

मी मनाला लावून घेतलं. आणि घेतलेलं सगळं चौथ्या दिवशी नेऊन चंद्रण्णांवर ओतलं.

"तुम्हाला तुमच्याच मालाची माहिती नाही!" मी काउंटरवर हात आपटून म्हणालो. "काउंटरवर बसणाऱ्याला मालाची माहिती हवी. नसेल तर सरळ सांगावं, मला ठाऊक नाही. लोकांचं काम बिघडतं. सण तोंडावर आहे. एका बाईची आयुष्यभराची रीत मोडतेय, तुमच्यामुळे!"

चंद्रण्णांचे डोळे भरून आले. "खरं आहे, सर," ते म्हणाले. "मेहुणा बेट्टदपुरला देवाला गेलाय, डोंगरावर फोन लागत नाही. थांबा, मी त्याच्या बायकोला विचारून येतो, मागच्याच गल्लीत घर आहे. तुम्ही दोन मिनिटं इथे बसा. तुम्ही शिकलेली माणसं."

मी काउंटरमागे बसलो. खरं सांगतो, तिथे बसल्यावर माणूस बदलतो. खुर्ची जरा उंच, समोर डबे, मागे डबे. आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. आणि फोन वाजला.

"कास्ट आयर्नचे रॉड हवेत. चार नग, सुटे," पलीकडून घोगरा आवाज आला. "सणाचं काम आहे, उद्या सकाळी पाहिजे. ऑटोवाला पाठवलाय. निकेलचेच द्याल ना?"

आता 'मला ठाऊक नाही' एवढंच म्हणायचं होतं. पाच मिनिटांपूर्वी मी ते दुसऱ्याला शिकवलं होतं. पण खुर्ची उंच होती. समोर तेच चमकणारे रॉड पडले होते, आणि निकेल चमकतं एवढं मला शाळेपासून माहीत होतं.

"निश्चिंत असा," मी बातम्यांच्या कानडीत म्हणालो. "एल्ला ओंदे."

"नवीन आहात काय?" पलीकडून प्रश्न आला.

"मी इंजिनियर आहे," मी म्हणालो.

चार रॉड कागदात बांधले, ऑटोवाल्याला दिले. इतकं प्रसन्न मला ऑफिसात कधी वाटलं नव्हतं. चंद्रण्णा परत आले ते हात हलवत. मेहुण्याची बायकोही डोंगरावरच गेली होती. पण त्यांच्या अनुपस्थितीत मी, एका इंजिनियरने, विक्री केली हे ऐकून त्यांनी मला मनापासून नमस्कार केला आणि माझा नंबर लिहून घेतला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मी चिकटवायच्या डिंकाची एक मोठी ट्यूब घेऊन सासुरवाडीला गेलो. अंगणात एक दाढीवाला माणूस उकिडवा बसून पंजा न्याहाळत होता. शेजारी मशीन, अवजारांची पेटी.

सासूबाई गडबडल्या. "जावईबापू! हे... हे सुम्ने आलेत, असेच. कॉफीला."

ते कॉफीला हिनकलहून वेल्डिंगचं मशीन घेऊन आले होते. त्यांचं वर्कशॉप माझ्याच इमारतीच्या समोर आहे, रोज मी त्यावरून ऑफिसला जातो. नाव बशीरभाई.

"हे कोणी केलंय?" बशीरभाईंनी जोडाकडे बोट दाखवलं.

"पूर्वीचं आहे," सासरे वर्तमानपत्रातून म्हणाले.

"हे बीड आहे, ओतीव. कास्ट आयर्न. याला साधे रॉड लावले की थंड होताना तडकतं. हे तर शिकाऊ माणसालाही कळतं."

माझ्या हातातली ट्यूब मी खिशात घातली. "बाबा," मी सासऱ्यांना हळूच विचारलं, "हे बिडाचं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. माझ्या आजोबांनी ते पाय ओतून घेतले होते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही, अल्वा," ते म्हणाले.

तोपर्यंत बशीरभाईंनी पेटीतून कागदाची पुडी काढली. काल आली तशीच त्यांनी ती पेटीत टाकली होती. ती पुडी मी ओळखली. मला एकदम ऑफिसची आठवण झाली. पण दाराशी रोहिणी उभी होती.

बशीरभाईंनी पुडी सोडली आणि एक चमकणारा रॉड उचलून उजेडात धरला. "हे स्टेनलेसचे आहेत," ते अतिशय शांतपणे म्हणाले. मग त्यांनी दुकानाला फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून तो स्पीकरवर टाकून पायरीवर ठेवला.

"काल निकेलचे रॉड मागवले होते. काय पाठवलंय हे? कोण होतं काउंटरवर?"

"सर, मी नव्हतो," चंद्रण्णांचा मधाळ आवाज अंगणभर पसरला. "मी दोन मिनिटं बाहेर गेलो होतो. एक इंजिनियर बसले होते. रोज येतात. चष्मा आहे, बातम्या वाचल्यासारखं बोलतात. फार रागावतात. पण एनू गोत्तिल्ल, सर. काही म्हणजे काही माहीत नाही त्यांना." मग ते उसासा टाकत म्हणाले, "काउंटरवर बसणाऱ्याला मालाची माहिती हवी."

अंगणात कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. जावयाकडे असं पाहत नाहीत. सगळे तुळशीकडे पाहत राहिले. फक्त बशीरभाई माझ्या चष्म्याकडे पाहत होते, आणि रोहिणी भिंतीला टेकून खाली बसली होती, कारण तिला हसताना उभं राहता येत नाही.

शेवटी सासरे उठले. लग्नानंतर प्रथमच मी त्यांना वर्तमानपत्र अर्धवट सोडताना पाहिलं. छत्री घेऊन ते स्वतः गेले, चंद्रण्णांना बाजूला करून एकेक डबा वाचत बसले आणि निकेलचे चार रॉड घेऊन आले. बशीरभाईंनी पाय आधी गरम केला, थोडं थोडं जोडत नेलं, मग राखेत पुरून सावकाश थंड होऊ दिला. आम्ही सगळे कान लावून बसलो होतो. 'टिक्' आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर राजा-राणी नवव्या पायरीवर बसले. सासूबाईंनी ओवाळलं, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बघायला आलेल्या बायकांनी सिंहाचं चौथं बोट कुठे गेलं असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जुनं आहे. लढाईत गेलं." इतकी मोठ्या मनाची सासू मिळायला भाग्य लागतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चंद्रण्णा. गर्दीत ऐकू येईना, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"इंजिनियरसर, एक गिऱ्हाईक आलंय. बिडाचा पंप जोडायचाय म्हणतं. कोणते रॉड देऊ?"

आता मला उत्तर खरंच येत होतं. मी ताठ बसलो, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"नाही!" सासूबाई, सासरे, रोहिणी आणि सातही शेजारणी एका सुरात म्हणाल्या. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, बशीरभाईंचा नंबर सांगितला आणि फोन बंद करून मला परत दिला.

"कॉफी घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या.

माझ्या सासुरवाडीत जावयाला 'नाही' म्हणायची पद्धत आहे. ती मी सुरू केली.