बागेतला कढीलिंब

कोरोनात गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी आमच्या हुबळीत एक बाग केली, तेव्हा घरटी एक रोप लावायला सांगितलं. रोपं बागेच्या समितीचीच, पिवळ्या फुलांची, सगळी एका मापाची. मी घेतलं नाही. परसातल्या कढीलिंबाला मुळापाशी फुटवा आला होता, तो खणून नेला आणि लावला. मूळ झाड आमच्या मंडळींनी लग्नानंतर अळणावरहून, माहेरातून आणलेलं. शेवटी तिचं तोंड मला दिसलं नाही, राखही हाताला लागली नाही. निदान झाड तरी तिचं असावं. साहेब लोकांच्या पसंतीचं कशाला?

झाड वाढलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. सकाळी फिरायला येणारी माणसं, चार फेऱ्या मारतात आणि जाताना माझ्या झाडाला हात घालतात. पानं खुडली तर एक वेळ चालेल, पण हे डहाळीच ओरबाडतात, साल सोलून निघते. म्हणून मी रोज तिथं बाकावर जाऊन बसायला लागलो. एक बाई तर माझ्यादेखत तोडायची.

"अक्का, ते झाड माझ्या बायकोचं आहे."

"असू द्या की हो अज्जा. उप्पिटाला चार पानं घेतली म्हणून त्या काय रागावणार आहेत?"

"रागावली असती. परसात पाऊल टाकू दिलं नसतं तुम्हाला."

"म्हणूनच इथं येते," म्हणाली, आणि पानं पदरात बांधून चालू लागली.

राखणदाराला सांगितलं, तर "सुम्न कुंद्र्री अज्जार" म्हणाला, म्हणजे मीच गप्प बसायचं. मी तांब्यानं पाणी घालायला वाकलो की झाडांना हात लावू नये ही पाटी मला दाखवतो. त्या बायांना दाखवत नाही. त्याच्या घरच्या सारात तीच पानं पडत असणार.

मागच्या आठवड्यात बागेच्या समितीतले एक साहेब आले. रांगेत एकच बोडकं झाड बघून म्हणाले, "हे भाजीतलं झाड इथं कुणी लावलं? काढा." माळी कुदळ घेऊन आला. मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो.

"आजोबा, त्या जागी पिवळ्या फुलांचं चांगलं झाड देतो की."

"ते तुमच्या दारात लावा."

माळी पुढं यायला बघत होता. जन्मभर अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीची पोती उचलली, पण आता अंगात किती जोर उरलाय ते मला ठाऊक होतं. तेवढ्यात फिरायला आलेल्या बाया जमल्या. पदरवाली सगळ्यांच्या पुढं.

"साहेब, हे काढलं तर आम्ही फोडणीत काय घालायचं? पिवळी फुलं? आणि यांच्या मंडळींचं झाड आहे हे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मागून बाकीच्याही बोलायला लागल्या. साहेबांनी "बघू नंतर" म्हटलं आणि गाडीत बसले. माळी कुदळ खांद्यावर टाकून गेला.

मला त्या बाईचे आभार मानावे लागले. अगदी जिवावर आलं. ती "असू द्या" म्हणाली आणि तिथंच शेंड्याला हात घातला.

"शेंडा नको, अक्का. शेंडा मोडला तर वाढायचं कसं?"

"मग कुठनं तोडायचं, तुम्हीच दाखवा."

काय करणार? खालची जून पानं बघून बघून खुडली आणि तिच्या पदरात टाकली. तर म्हणते, "एवढीच होय?"