किसनच्या हातातला आंतरपाट

किसन गेल्याचा निरोप आला तेव्हा माणच्या हॉटेलात माझी बिबट्याची गोष्ट ऐन रंगात आली होती. बिबट्या माझ्या मोटारसायकलवर मागं बसला होता आणि निम्मं गाव आ वासून ऐकत होतं. एवढ्यात कुणीतरी दारातून म्हणालं, "किसन झोपंतच गेला." क्षणात बाकडी रिकामी. जाता जातासुद्धा यानं माझे श्रोते पळवले… त्याला आता महिना होऊन गेला.

किसन माझा धाकटा चुलतभाऊ. ऐन जवानीत एका तापानंतर त्याच्या अंगाला झटके सुरू झाले. कधी हात उडायचा, कधी मान. मोठा आवाज झाला की हमखास. एकदा त्याच्या कपातला चहा सरपंचांच्या टोपीवरून थेट शेजारच्या नेरे गावाला पोचला, असं मी सांगतो. लोक सांगताना तो थोडा अलीकडं पाडतात. मला एक गोष्ट रचायला आठवडा लागायचा, आणि हा नुसता येऊन बसला तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. जळू नये तर काय करावं माणसानं?

एकदा विचारलंच, लोक बघतात त्याचं काही वाटत नाही का. म्हणाला, "आदी लई वाटायचं. आवरायला जायचो, तर आनखी जोरात यायचा. आता येऊ देतो. आन दादा, झटका आला की लोक पयले कपाकडं बघत्यात. तेवढ्यात मी त्येंची तोंडं बघून घेतो. कोन भितंय, कोन हसू दाबतंय, कोन गुमान फडकं आनतंय."

फडकं आणणारी माझी मुलगी राणी. शाळेतलं बक्षीससुद्धा आधी काकाला दाखवायची, मग मला.

लग्नात तिनं हट्ट धरला, आंतरपाटाचं एक टोक किसनकाकाच धरणार. मुलाकडच्यांनी नाकं मुरडली. मंगलाष्टकं संपायच्या आत पडदा पडला तर अपशकुन. किसननं मला बाजूला घेतलं. "दादा, तूच न्हाई म्हन तिला. माझ्यापायी पोरीला सासरी ऐकावं लागंल." मी एका पायावर तयार. पण राणी म्हणाली, "काका न्हाई, तर मी बी उभी ऱ्हात न्हाई."

तिसऱ्या मंगलाष्टकाला बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. किसनचा हात उडाला, कापड सुटलं, नवरानवरी समोरासमोर. गुरुजी मध्येच थांबले, विहीणबाई पांढऱ्याफटक. किसन मागं सरकायला लागला… राणीनं वाकून कापड उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "धर, काका. गुरुजी, म्हना पुढं." गुरुजींनी घसा खाकरला आणि म्हटलं.

भुकूमच्या तिच्या फ्लॅटमध्ये कापड सुटलं त्याच क्षणाचा फोटो भिंतीवर आहे. किसनचा हात हवेत, समोर नवरा, आणि ही बघतेय किसनकडं. कडेला माझा अर्धा कान. दुसरा फोटो लाव म्हणून मी शंभरदा सांगितलं असेल. परवा गेलो तर तिनं हळूच विचारलं, "पप्पा, काढू का आता?"

राहू दे म्हटलं. खुर्ची ओढून समोर बसलो. त्याचा हात तसाच वर होता… खाली कधी येतोय, याची वाट बघत राहिलो.