कडुबांच्या सात पुड्या

सुलेखाला शिसारी विष्ठेची, आणि नोकऱ्याही नेमक्या त्यातल्याच मिळत गेल्या. आधी ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळी सकाळी लोक डब्या आणून टेबलावर ठेवायचे, ही नाकाला ओढणी लावून त्या डब्यांवर नावं चिकटवायची. चार वर्षांनी वैतागून तिनं ते काम सोडलं आणि सिडकोत पाळीव पक्ष्यांच्या दवाखान्यात काउंटरवर लागली. पक्षी म्हणजे पिसं आणि शीळ, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पहिल्याच दिवशी एका बाईनं तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला, "बघा ना, आमच्या पोपटानं आज पिवळी केलीय!"

त्या गुरुवारी दुपारी लासूर स्टेशनहून कडुबा आले. सत्तरीचे, अंगानं वाळलेले. हातातल्या पिंजऱ्यात तुरेवाला, गालावर केशरी ठिपका असलेला परदेशी पोपट. मुलगा नोकरीला पुण्याला जाताना तो बापाकडं सोडून गेला होता.

"ताई, याला रक्ताची हगवण लागली," ते म्हणाले. "पिंजऱ्यातला रोजचा कागद खतासाठी ठेवतो, आठवड्याचे घेऊन आलो. वार टाकलेत."

आणि त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्राच्या सात पुड्या ओळीनं मांडल्या. दोन ओल्या होत्या. सुलेखानं खुर्ची मागं सरकवली. डॉक्टर मॅडम बाहेर होत्या, तिनं फोन लावला.

"एकेक उघड आणि फोटो पाठव," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी आत्ता डबा खाणार होते."

"सुलेखा, उघड."

तिनं हातमोज्यांचे दोन जोड चढवले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार: हिरवी वेटोळी, वर पांढरट चुना. रविवार आणि सोमवारच्या पुड्यांत मात्र जवळजवळ काहीच नव्हतं, काळपट हिरवे, चिकट, मोहरीएवढे ठिपके. मंगळवारची पुडी उघडताना कागद बोटालाच चिकटून आला. आत लाल रबडी. बुधवारचीही तशीच. आंबूस वास आला. तिनं श्वास रोखून फोटो काढले आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

मॅडमचा लगेच फोन आला. "लाल आहे ते बहुतेक बीट. विचार त्यांना. मला काळजी रविवार-सोमवारची. पोटात काही गेलं नाही की अशी होते. पक्षी उपाशी होता. मी येतेच."

"बाबा, याला बीट घातलं का?"

"व्हय. मंगळवारी मला डॉक्टर बोलला, तुझं रक्त कमी हाय, बीट खा. मग दोघंबी खातो."

"आणि रविवारी काय दिलं होतं?"

कडुबांनी पिंजऱ्याची कडी चाचपली. "रविवारी ताप भरला व्हता. याचा कागद तेवढा बदलला, चुलीपाशी गेलोच नाय. सोमवारीबी नाय. हा माझ्याच ताटातलं खातो. ताटच नव्हतं."

"घरात दुसरं कोणी?"

"कोण असणार?"

"दाणे तरी ठेवायचे ना वाटीत!"

"वाटी भरलेली दिसत व्हती. नुसती टरफलं निघाली."

सुलेखानं उघड्या पुड्या मिटल्या. त्या पुड्यांची किळस येत होती, आणि म्हाताऱ्याच्या दोन उपाशी दिवसांचा हिशेब आपल्याला असल्या घाणीतून कळावा, याची त्याहून जास्त. तिनं सगळं पिशवीत कोंबून गाठ मारली, तीनदा हात धुतले. तरी भूक मेलीच होती. तिनं भेंडी-पोळीचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

"तुम्ही खा. मला नाही जाणार."

ते मान खाली घालून जेवले. मधेच पोळीचा तुकडा गजांतून आत दिला. पोपटानं तो खाल्ला आणि वळून, गजांतून थेट डब्याच्या झाकणावर, केलं.

"अगं आई गं!" सुलेखा ओरडली.

मॅडमनी पक्षी तपासला. वजन उतरलं होतं, बाकी धोका नव्हता. दाणे रोज बदला, बीट दोन दिवस बंद ठेवून रंग बघा, असं सांगितलं. सुलेखानं बजावलं, "बाबा, पुड्या परत आणायच्या नाहीत. फोटो पाठवायचा."

आता रोज सकाळी चहाच्या वेळी फोटो येतो. नवरा अभय म्हणतो, "ब्लॉक कर ना, किती घाण!" ती तोंड वाकडं करून रंग बघते, कप बाजूला ठेवते आणि लिहिते, "ठीक आहे. तुम्ही काय खाल्लं?"