मागमूस राहायला नको

शिवानंदवर लेख लिहावा एवढी माझी त्याची ओळख नव्हती. बेंबळीतल्या वीरप्पांचा तो मुलगा, आई शिवम्मा, धाराशिवला बसस्टँडच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान, एवढंच मला माहीत होतं. त्यानं लग्न का केलं नाही, वडील गेल्यावर घर कसं ओढलं, तो मुळातच तिरकस होता की नंतर झाला, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही. गेल्या पावसाळ्यात उमरग्यात तो काविळीनं गेला, हेसुद्धा मला तिसऱ्याकडून कळलं.

आमच्या बेंबळीच्या वाचनालयाच्या नव्या स्मरणिकेसाठी ‘गावातील एक साधी व्यक्ती’ या विषयावर लेख मागवलेत. पाटबंधारे खात्यात टपालाची आवक-जावक बघण्यात माझा जन्म गेला. लेख कसा लिहितात ते मला ठाऊक नाही. पण विषय वाचला आणि दुसरं कुणी डोळ्यांसमोर आलं नाही. छापला नाही तरी माझी तक्रार नाही. का छापणार नाहीत, ते पुढं कळेलच.

माझा मुलगा त्याचा जुना कॉम्प्युटर मला देऊन गेला होता. त्यात रोज काहीतरी खिडकी उघडायची आणि ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ म्हणून भीती घालायची. मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, तरी खिडकी यायचीच. शेवटी शिवानंदला बोलावलं. तो खुर्चीत बसला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “काका, काय काय भरून ठेवलंय हे?”

“पोरानं टाकलं असेल.”

“पोरानं न्हाय. तुमीच ओके दाबत गेला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला बी कुणी इतक्या वेळा व्हय म्हणत न्हाय.”

“अरे, पण मी ते काढलं की. कंट्रोल पॅनलमधून.”

“भाडेकरू गेला, काका. त्यानं भिंतीत ठोकलेले खिळे, माळ्यावर ठेवलेली बोचकी, ती कुणी काढायची?”

मग त्यानं ती काढून दाखवली. बोलणं टोचरं असलं तरी दाखवायचा मात्र नीट. आधी सॉफ्टवेअर चालू असेल तर बंद करायचं, मग रीतसर काढायचं. नंतर प्रोग्राम फाइल्समध्ये त्याचं रिकामं फोल्डर राहिलंय का बघायचं. लपवलेली फोल्डरं दिसतील असं करून अ‍ॅपडेटामध्ये शोधायचं. मशीन सुरू होताना ते आपोआप उठतंय का, तेही तपासायचं. शेवटी रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सगळ्या नोंदींची वही. तिथं हात घालण्याआधी तिची प्रत काढून ठेवायची आणि मगच नाव शोधत जायचं. “नाव सापडलं म्हणून लगेच उडवायचं न्हाय,” तो म्हणाला. “ते दुसऱ्या कुणाचं असलं तर मशीन उठायचं न्हाय.” एवढं झाल्यावर कचरापेटी रिकामी करून त्यानं मशीन बंद करून परत चालू केलं. खिडकी आली नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, “आता ओके दाबायच्या आधी वाचत जा.”

आता वाचनालयाचं. पहिल्या स्मरणिकेचं काम चाललं होतं तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी घ्यायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. म्हणून कोर्टात टायपिस्ट राहिलेले लिंबाजी कॉम्प्युटरवर बसायचे, माणूस शेजारी बसून बोलायचा आणि लिंबाजी ऐकत ऐकत थेट टाइप करायचे. कागदावर काहीच नसायचं. लिंबाजींचा हात टाइपरायटरचा, त्यामुळं त्यांना एक जुनंच टायपिंगचं सॉफ्टवेअर लागायचं. कुणाच्या तरी सीडीवरनं उतरवलेलं, विनापरवान्याचं. सुरू केलं की आधी तशी सूचना यायची. लिंबाजी ती बंद करून कामाला लागायचे.

शिवम्माही एकदा येऊन बसल्या. शिवानंद त्यांना दारात सोडून दुकानाला गेला. मी पेपर वाचायला रोज तिथंच असतो, त्यामुळं थोडं माझ्याही कानावर पडलं. त्यांचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कन्नड मुलखात. लग्न होऊन बेंबळीत आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. शेजारणीकडं मीठ मागायला गेल्या आणि ‘उप्पु, उप्पु’ म्हणत राहिल्या. शेजारीण हसत हसत एकेक डबा उघडून पुढं करत गेली, डाळ, हळद, गूळ, आणि मिठाचा डबा नेमका शेवटी आला. शिवम्मा हे सांगताना स्वतःच इतक्या हसल्या की लिंबाजींना थांबावं लागलं. पुढंही त्या बराच वेळ बोलत होत्या. मी पेपरात डोकं घातलं. त्याच थंडीत त्या वारल्या.

स्मरणिका छापायची राहिली होती, तोच अनुदानाच्या तपासणीची वर्दी आली. आमचे अध्यक्ष योगीराज घाबरले. चोरीचं सॉफ्टवेअर साहेबानं बघितलं तर अनुदान जाईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी शिवानंदला बोलावलं.

“हे टायपिंगचं आधी काढ. साहेब यायचेत.”

शिवानंदनं विचारलं, “ह्यात टाइप केलेल्या फायली नव्या अक्षरांत बदलून घेतल्या का?”

“सगळं झालंय. तू काढ.”

“लिंबाजीकाकांना एकदा विचारतो.”

“लिंबाजी लेकीकडं गेलाय लातूरला. अध्यक्ष मी हाय का तो?” योगीराजांनी आवाज चढवला. “आणि वरवरचं काढून जाशील, तसलं नको. मागमूस राहायला नको.”

“वरवरचं मी कुणाचंच काढत न्हाय,” शिवानंद म्हणाला. योगीराजांचं ते ‘वरवरचं’ त्याला फार लागलं असावं. त्या दिवशी तो दुपारी जेवलाही नाही. सॉफ्टवेअर गेलं, त्याची फोल्डरं गेली, रजिस्ट्रीतली नावं गेली, आणि विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरात त्या सॉफ्टवेअरनं टाकलेले सगळे फॉन्टही गेले. निघताना माझ्यापाशी थांबून म्हणाला, “आता शोधून दाखव म्हणावं साहेबाला.”

साहेब आले, चहा घेतला, वर्गणीदारांची वही बघितली आणि गेले. कॉम्प्युटर त्यांनी चालूसुद्धा केला नाही.

लिंबाजी लातूरहून परतले. पहिली फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि कसल्याकसल्या खुणा. दुसरी उघडली, तीही तशीच. लिंबाजींनी एकेक करत सगळ्या उघडून बघितल्या.

मला हे नंतर शिवानंदनंच समजावलं. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मराठीत साठवलेली नसते. फाइलमध्ये असतं ते असलंच कडबोळं, आणि त्याचे फॉन्ट त्या कडबोळ्याला मराठीचं रूप देतात. फॉन्ट काढले की रूप जातं, परत टाकले की परत येतं. म्हणजे त्या घटकेला खरं तर काहीच गेलेलं नव्हतं.

पण तो तिथं नव्हता. उमरग्याला एका दवाखान्यात प्रिंटर बघायला गेला होता. योगीराजांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला.

“काय करून ठेवलंस रे हे? व्हायरस सोडलास का?”

“काय दिसतंय?” शिवानंदनं विचारलं. लिंबाजींनी सांगितलं. मग तो म्हणाला, “फायली हायत. फॉन्ट गेलेत नुसते. कुणी हात लावू नका. जुनी सीडी दुकानात हाय, सकाळी पहिल्या गाडीनं घेऊन येतो.”

“सकाळी! आणि तवर आमी काय, आरती करत बसू काय?” योगीराजांनी फोन ठेवला.

त्यांचा पुतण्या शंतनू पुण्यात इंजिनिअर आहे. जत्रेसाठी गावी आला होता. त्याला बोलावलं. त्यानं दोन-चार फाइली उघडून बघितल्या आणि सगळं करप्ट झालंय म्हणाला. फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, नवीन विंडोज टाकलेलं बरं.

“यातलं काही ठेवायचंय का, काका?” त्यानं विचारलं. त्यानं विचारलं होतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो.

योगीराजांनी पडद्यावरच्या त्या खुणांकडं बघितलं. “हे? ह्यातलं काय ठेवायचं?”

“शिवानंद थांबा म्हणलाय,” लिंबाजी म्हणाले.

“तुला कॉम्प्युटरमधलं किती कळतं, लिंबाजी? तू आपलं टाइप कर.”

सकाळी शिवानंद आला तेव्हा मशीन नवं कोरं दिसत होतं. पडद्यावर निळ्या पाण्याचं चित्र. तो सीडी हातात धरून उभा राहिला. बातमी पसरल्यामुळं वाचनालयात माणसं जमली होती.

“फायली कुठंयत?”

“तूच उडवल्यास आणि आमाला विचारतोस?” योगीराज म्हणाले.

“फायलींना मी हात लावला न्हवता. फॉन्ट काढले होते. तुमी म्हणला सगळं झालंय.”

“म्हणजे चूक माझी?”

“न्हाय,” शिवानंद म्हणाला. “मी विचारलं, उघडून बघितलं न्हाय. चूक माझीच हाय. पण काल एक दिवस थांबला असता तर...” मग त्यानं वाक्य सोडून दिलं. “डिस्क द्या मला. वर आता नवीन काही टाकू नका. पुसलेलं निघंल तेवढं काढून बघतो.”

“परत हात लावायचा न्हाय! म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी होत्या त्या. त्यातली निम्मी माणसं आज न्हाईत. तुझं काय गेलं त्यात?”

मी म्हणालो, “योगीराज, त्याची आई पण त्यातच...” माझा आवाज मुळात लहान. चारजण एकदम बोलत होते. शिवानंदनं तेवढं ऐकलं असावं, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. बोलू नका, अशी. सीडी खिशात घातली आणि तो निघून गेला.

ते मशीन पुढं काही महिने वाचनालयातच होतं. त्याच्यावर गाणी भरली, पिक्चर भरले, नंतर नवीन आलं तेव्हा जुनं भंगारात गेलं. शिवानंद डिस्क मागायला आणखी एकदा आला होता म्हणतात. मी त्या दिवशी नव्हतो.

गावात एकच गोष्ट सांगितली गेली: शिवानंदनं स्मरणिका उडवली. धाराशिवलाही ती पोचली. ज्याच्या त्याच्या ऑफिसात बेंबळीचा कुणीतरी असतोच. त्याला बोलावताना लोक ‘बाबा, आमचं काही उडवू नको’ असं हसत म्हणायचे आणि तो हसायचा नाही. कामं कमी होत गेली. दुकान बंद करून तो उमरग्याला हायवेवरच्या एका मोबाइलच्या दुकानात, दुसऱ्याच्या हाताखाली बसायला लागला. योगीराजांविषयी तो जे बोलायचा ते स्मरणिकेत लिहिण्यासारखं नाही. पण स्वतःची चूक त्यानं कधी नाकारली नाही, आणि दुसऱ्या कुणी आपली कबूल केल्याचं मला आठवत नाही. योगीराज आजही अध्यक्ष आहेत. आठवणी परत गोळा करा म्हणतात. कुणाच्या करायच्या?

शेवटचा तो भेटला तेव्हा घरातलं सामान न्यायला बेंबळीत आला होता. माझ्या मशीनवर पुन्हा ते खिडकीचं भूत उठलं होतं. विचारू की नको, असं करत करत मी त्याला हाक मारली.

तो आला. पण आधीसारखा सरळ काढायला बसला नाही. माझ्या सगळ्या फाइली एकेक करून उघडल्या. अर्ज, पत्रं, नातवाच्या मुंजीची यादी. प्रत्येक फाइल शेवटपर्यंत खाली नेऊन बघितली. सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून माझ्या हातात दिली. मग कामाला लागला. काढता काढता, पडद्यावरनं नजर न हलवता म्हणाला, “काका, तुमी तिथं होता न्हवं? आई काय बोलली होती हो?”

मी त्याला मिठाची गोष्ट सांगितली. डाळ, हळद, गूळ, सगळं.

“ते ठावं हाय मला. ते ती सगळ्यांनाच सांगायची.” त्यानं माझ्याकडं तोंड केलं. “त्याच्या पुढं काय बोलली? लई वेळ बसली होती म्हणं.”

मी आठवायचा प्रयत्न केला. त्यांचं हसणं आठवत होतं, लिंबाजींच्या बोटांचा आवाज आठवत होता. शब्द एकही आठवेना. काहीतरी रचून सांगावं असंही क्षणभर वाटलं, पण तो इतका निरखून बघत होता की तेही जमलं नाही.

“आठवत नाही रे.”

“मी बी तिला घरी आल्यावर विचारलं होतं,” तो म्हणाला. “छापून आल्यावर वाचू म्हणली.”

मग तो परत पडद्याकडं वळला. काम संपलं, मशीन बंद होऊन चालू झालं. खिडकी आली नाही. मी चहाचं विचारलं, तर उमरग्याची गाडी चुकेल म्हणाला. उठला मात्र नाही.

“तुमचं एकदा उघडून बघा.”

मी मुंजीची यादी उघडली. “दिसतंय रे सगळं.”

“सगळं म्हणू नका. खाली जावा. शेवटचं पान बघा.”

मी खाली गेलो. “दिसतंय.”

“मराठीच हाय न्हवं?”

“मराठीच आहे.”

“मग येतो,” तो म्हणाला.