निरोगी पेशीतली पट्टी

"काय गं, घरी मासे धुतेस त्याच पाण्यात धुतल्यास का ह्या नळ्या?"

साहेबांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली होती. सहा-सात शिकलेली माणसं हसली. मीही हसले. सवय, दुसरं काय! नंतर कळलं, विनोद मीच होते.

तुर्भ्याची प्रयोगशाळा. खाडीकाठची आमची जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, बदल्यात मला इथं काचेच्या नळ्या धुवायची नोकरी. घरात तेवढा एकच पगार. घरी माझ्या कपांना कालच्या चहाचा वास यायचा, सासूबाई साक्षीला आहेत. इथं मात्र साबण, मग आम्ल, मग सात वेळा डिस्टिल्ड पाणी. एकदाही चुकले नाही.

कोंबड्यांना कॅन्सर करणारा एक विषाणू. त्याच्या जनुकातून कोणतं प्रथिन बनतं, ते साहेब शोधत होते. त्याच विषाणूनं गाठ आलेल्या सशाच्या रक्तातला द्रव घातला की ते प्रथिन पकडलं जायचं, फिल्मवर काळी पट्टी उमटायची. विषाणू लागलेल्या पेशींत पट्टी हवी, निरोगी पेशींत नको. उमटली दोन्हींत. निरोगीत फिकट, पण उमटली.

म्हणजे नळी घाणेरडी, आधीच्या पेशींचं काही तीत राहिलेलं. म्हणजे मी.

"लिहून दे, नळ्या नीट धुतल्या नाहीत म्हणून. अंगठा चालेल."

मी मॅट्रिक. तशी रडूबाई, दूध उतू गेलं तरी डोळे भरतात. त्या दिवशी कोरडे राहिले.

"नाय लिवनार, साहेब. नव्या नळ्या काढा. मी हातबी नाय लावनार. परत करून बघा."

"आणि नाही केलं तर?"

"काढून टाका. पन खोटं नाय लिवनार."

फायलीत मेमो लागला, 'कामात निष्काळजी'. नव्या नळ्यांचं खोकं मात्र फोडलं. मी दाराशी उभी, हात पाठीमागे, चोरासारखी. फिल्मवर काही दिसायला कित्येक दिवस लागायचे. तोवर मला संडास धुवायला लावले. धुतले.

पट्टी पुन्हा उमटली. निरोगी पेशीत, त्याच जागी.

"अरे, निरोगी पेशीसुद्धा हे प्रथिन बनवते! नवा शोध लागला!" साहेब ओरडले. पेढे आले. एक माझ्याही हातावर.

"साहेब, माजा मेमो?"

"अगं, आता कसला मेमो! आनंदाचा दिवस. पेढा खा."

पेढा मी त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आनंद तुमचा हाय. डाग माजा हाय. नळ्या स्वच्छ होत्या, आसं लिवा. सही करा. तवर एक नळी धुनार नाय."

स्टूल ओढून बसले. बेसिनमध्ये नळ्या साचत गेल्या. साहेब लिहितील, न लिहितील. नोकरी राहील, जाईल. सही झाल्याशिवाय मी उठणार नव्हते.