शुभेच्छा परत घ्याव्यात, ही विनंती

माझ्या आतेबहिणीच्या सासऱ्यांइतका शुभेच्छुकांवर जीव टाकणारा माणूस निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि शुभेच्छुकांनी इतका पुरता बुडवलेला माणूसही दुसरा झाला नसेल. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातले. शेतावर इमारती उभ्या राहिल्यावर त्यांनी चाकणला शेड टाकली आणि गाड्यांच्या इंजिनात बसणाऱ्या स्प्रिंगा बनवायला घेतल्या. माल चोख. पण आबांच्या मते माल चोख असणं ही दुय्यम गोष्ट. माणसाची खरी किंमत त्याच्या फ्लेक्सवर खाली किती तोंडं छापली आहेत, त्यावर. चौकात स्कूटर थांबवून ते परक्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स निरखत आणि शुभेच्छुक कमी वाटले तर त्या माणसासाठी मनापासून हळहळत. नातीच्या बारशाच्या पत्रिकेत त्यांनी निमंत्रकांची इतकी नावं घातली की वेळ छापायला जागाच उरली नाही. अर्धे पाहुणे सकाळीच येऊन उपाशी परत गेले, उरलेले पाळणा हलवून झाल्यावर पोचले. एकसष्टीच्या फ्लेक्सवर शेवटच्या रांगेत एक चौकट रिकामी राहिली, तेव्हा तिथे त्यांनी स्वतःचाच टोपी काढलेला फोटो लावला. वर टोपीतले आबा, खाली बिनटोपीचे आबा त्यांना शुभेच्छा देताहेत. मी हसलो तर म्हणाले, "रिकामी चौकट दिसली की लोक इचारत्यात, ह्याला माणसं कमी पडली का?"

खरं तर माझं आणि त्यांचं जमायला नको होतं. माझे वडील कामगार संघटनेतले. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचली जात, आणि पाठिंबा विकत घेणाऱ्या माणसाला आमच्या उंबऱ्यात पाणीही मिळत नसे. आबा मला 'पत्रकवाले' म्हणत, चहा पाजत आणि माझी भाषणं मान डोलावत ऐकून घेत. शेडची वेबसाइट करायची ठरली तेव्हा मजकूर त्यांनी मलाच लिहायला लावला. मी लिहिलं, 'जितकी दाबाल, तितकी उसळेल!' आता स्प्रिंगेबद्दल यात खोटं काय होतं? ताईने, म्हणजे माझ्या आतेबहिणीने, खाली तारेची जाडी आणि मापं घातली म्हणून ती स्प्रिंगांची वेबसाइट वाटली, नाहीतर लोक घोषणा देत शेडवर आले असते.

मग विजेच्या गाड्या आल्या. इंजिनच नाही तर त्याची स्प्रिंग कशाला? जुन्या गिऱ्हाईक कंपनीने मागणी घटवत घटवत थांबवली. नवं गिऱ्हाईक मिळालं नाही तर शेड बंद आणि आबांच्या हाताखाली म्हातारी होत आलेली चार माणसं घरी, हे सरळ दिसत होतं. पण कंपन्यांच्या खरेदी खात्यातली पोरं आता ओळखीपाळखीने येत नाहीत. ती इंटरनेटवर शोधतात आणि पहिल्या पानाच्या पुढे जायचे कष्ट घेत नाहीत. आबांची वेबसाइट कितव्या पानावर होती ते शोधताना ताईचा अंगठा दुखून आला. अशा वेळी हिंजवडीहून टाय लावलेला एक तरुण उगवला. त्याने समजावलं की दुसऱ्या एखाद्या वेबसाइटने आपली लिंक दिली की शोधणारं यंत्र ती शिफारस धरतं, आणि शिफारशी वाढल्या की आपण वर चढतो.

आबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी फ्लेक्सच की, राव."

"फ्लेक्सच, आबा. आणि तोंडं आम्ही पुरवतो. घाऊक."

मी पेटलो. म्हटलं, आबा, अनोळख्याची विकत घेतलेली शिफारस म्हणजे भाड्याची गर्दी. सभेला ट्रकने आणलेली माणसं ओळखायला कुणाला वेळ लागत नाही, या यंत्राला का लागेल? आबांनी शांतपणे मला चहा ओतला. "पत्रकवाले, माझ्या फ्लेक्सवरची समदी तोंडं तरी मला कुठं वळखत्यात?" मी चहा संपवला.

लिंका आल्या. धरण फुटावं तशा आल्या. सट्ट्याच्या वेबसाइटवरून, केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातींमधून, कुत्र्यांना शिस्त लावणाऱ्या कुणा परदेशी बाईच्या पानावरून, आणि आमच्यापैकी कुणालाच वाचता येणार नाही अशा लिपींतून. आबा त्या चष्मा पुसून पुसून बघत. "बघ, परदेशातबी आपली माणसं हायेत." काही आठवडे वेबसाइट खरंच पहिल्या पानावर झळकली. शेडमध्ये पेढे वाटले गेले. मलाही एक मिळाला, आणि तो मी तत्त्वं गुंडाळून खाल्ला.

मग यंत्राने ट्रक ओळखला. वेबसाइट घसरली नाही, नाहीशीच झाली. पूर्वी होती त्या मागच्या पानांवरही सापडेना. नेमक्या त्याच सुमारास चाकणच्या एका कंपनीने विजेच्या गाड्यांसाठी बनवलेल्या आबांच्या नव्या स्प्रिंगेचे नमुने तपासून पसंत केले होते. ऑर्डर देण्याआधी तिथल्या साहेबाने सहज शेडचं नाव टाकून पाहिलं. स्प्रिंगा दिसल्या नाहीत. दिसली ती सट्ट्याची पानं, आणि त्यांत शेडचं नाव. साहेब भला होता, फोन करून एवढंच म्हणाला की वरचे लोक शंका काढताहेत. ऑर्डर दुसरीकडे गेली. हिंजवडीच्या तरुणाचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

आबांना वाटलं, समजूत काढता येईल. त्या यंत्राचं ऑफिस कुठंय ते विचारू लागले; शाल आणि नारळ घेऊन साहेबांना भेटायची त्यांची तयारी होती. तिथे भेटायला कुणी माणूस नसतो, हे त्यांना पटवता पटवता ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकेका वेबसाइटला आमचं नाव काढा म्हणून पत्र पाठवायचं ठरलं. फ्लेक्सवरून उभ्या जन्मात कुणाचं तोंड न गाळलेला हा माणूस खुर्चीत ताठ बसून मजकूर सांगू लागला: "आपण आम्हांस दिलेल्या शुभेच्छांबद्दल आम्ही आभारी आहोत. तरी त्या परत घ्याव्यात, ही विनंती." ताईने त्याचं इंग्रजी केलं. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी, या लिंका आमच्या धरू नका, असं त्या यंत्रालाच कळवायचा एक मार्ग निघाला. आबा लिंक बघत, मान हलवत आणि ताई ती काढायच्या यादीत टाके. मध्येच ते थांबले.

"ही मराठीत हाय. कुणाची?"

माझी होती. माझ्या पानावर, जे मी आणि माझे दोन मित्र वाचतो, मी कधीतरी लिहिलं होतं की चाकणमध्ये अशीही एक शेड आहे जिथे मालक कामगारांच्या आधी जेवत नाही, आणि खाली शेडची लिंक दिली होती.

आबांनी चष्मा पुसून ते पान वाचलं. "आन् मला कधी बोलला न्हाईस?" मग ताईला म्हणाले, "हे न्हाई काढायचं."

उपयोग झाला नाही. वाट बघा, एवढंच त्या यंत्राचं उत्तर होतं, आणि शेडला वाट बघणं परवडत नव्हतं. आता तिथे दुसऱ्याची पाटी आहे. ती चार माणसं कुठे कुठे कंत्राटावर लागली. भेटली की आबांची तब्येत विचारतात. या वाढदिवसाला आबांनी फ्लेक्स लावला नाही. हल्ली चौकातून जाताना ते स्कूटर थांबवतात, पण फ्लेक्सकडे बघत नाहीत, सिग्नल सुटायची वाट बघतात. वेबसाइट ताईने बंद होऊ दिली. माझ्या पानावरची लिंक मात्र मी तशीच ठेवली आहे. तिच्यावर बोट टेकवलं की एक कोरं पान उघडतं.